रुद्रांक, त्याची खेचरं आणि आपला डावा पाय

मु. पो. बेलखिंडी, ता. तासगाव, जि. सांगली
दसऱ्यानंतरचा पहिला रविवार

आदरणीय व्याहीसाहेब, प्रा. दादासो यांच्या सेवेशी,

बेलखिंडीहून नाथाजीचा रामराम. मुलीच्या बापानं पाहुण्यांच्या दारात जेवढं वाकायचं असतं त्याहून चार बोटं जास्त वाकून हा रामराम घातला आहे असं समजावं. कारण पुढं येईलच. इकडं सौ. बनुबाईची तब्येत उत्तम आहे. माझीही शरीरानं उत्तम आहे. पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आहे, द्राक्षाची छाटणी उरकत आली. विहीणबाईंचा दमा काय म्हणतो? जावईबापू साईराजरावांना बढती मिळाल्याचं आमच्या राजनंदिनीकडून कळलं, फार आनंद झाला. नातू आता भिंत सोडून चालतो म्हणे. त्याला माझ्याकडून एक पापा द्यावा आणि आजोबा कसे आहेत असं त्यानं विचारलंच, तर विषय बदलावा.

आणि आपला डावा पाय कसा आहे?

(आपला डावा पाय दुखतो हे आपल्याला ठाऊक नसेल. पण आमच्या गावात ते लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. पाराजवळून जाताना लोक मला थांबवून त्याची चौकशी करतात. सरपंच आकाराम यांच्या आईनं स्वतः काढलेलं करंजीचं तेल बाटलीत भरून दिलं आहे, ते या पत्राबरोबरच पाठवतो आहे. पाय दुखत नसला तरी लावावं. म्हातारीचा जीव आहे त्यात.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं आपण म्हणाल. पण फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, आणि समोरचा गप्प बसला की तो नुसता गप्प बसला आहे की हसतो आहे हे कळत नाही. पत्रात ती सोय आहे. आपलं काय व्हायचं ते साताऱ्यात होईल आणि मी इथं बेलखिंडीत मान खाली घालून छाटणी करत असेन.

तर मुद्द्यावर येतो. जुलैत नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही आपल्याकडं आलो होतो. दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले, बाहेर तुमच्या साताऱ्याची ती झड लागलेली. मला दुपारची झोप नाही. म्हणून आपल्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढं जाऊन उभा राहिलो. बखरी, गॅझेटं, पत्रव्यवहाराचे खंड, एकेक ग्रंथ असा की डोक्यात घातला तर माणूस उठायचा नाही. त्यातला एक सहज ओढला, तर त्याच्यामागं भिंतीला चिकटून पुस्तकांची आणखी एक ओळ. त्या ओळीतलं एक हाताला लागलं. कव्हरवर काळा डोंगर, डोंगरावर सहा पंखांचं कसलंसं जनावर, आणि खाली ठळक अक्षरात ‘मेघदुर्गाची गाथा, भाग दुसरा : राखेची खिंड’. (पहिल्या पानावर आपली सही होती. इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे पुस्तक मागच्या ओळीत का ठेवलं होतं, हा प्रश्न मी विचारणार नाही. मला कुणाला काही विचारायची सोय आता राहिलेली नाही.)

चहा होईपर्यंत चाळावं म्हणून उघडलं. मग चहा झाला, केक कापून झाला, फोटो झाले, आणि प्रत्येक फोटोत मी कपाटाच्या दिशेनं बघतो आहे, हे राजनंदिनीनं मागाहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो तेव्हा ते पुस्तक आमच्या पिशवीत, बनुबाईच्या साड्यांच्या खाली होतं. ते तिथं आपोआप गेलेलं नव्हतं. मी विचारणार होतो, व्याहीसाहेब. अगदी तोंड उघडलं होतं. पण नेमकं त्याच वेळी आपण साईराजरावांना सांगत होता की साठीनंतर माणसानं फक्त खरं वाचावं, खोटं वाचत बसायला आयुष्य पुरत नाही. मग माझं तोंड उघडं होतं तसंच राहिलं आणि विहीणबाईंना वाटलं मला आणखी पेढा हवा आहे. त्यांनी दिला. पूर्वी बाप लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नसत. मी पेढा खाल्ला आणि पुस्तक आणलं.

‘भाग दुसरा’ याचा अर्थ मी दुसरी आवृत्ती असा घेतला होता. तो तसा नाही हे कळेपर्यंत आपल्याच घरी, त्या रात्रीत, माझी शंभर पानं झाली होती. पहिल्या पानापासून सगळे एकमेकांना ओळखत होते. राणी कुठल्याशा भावासाठी रडत होती, तो कसा मेला हे मला कुणी सांगेना. एक बुवा दुसऱ्या बुवाला म्हणतो, ‘त्या पुलावर जे घडलं ते मी विसरलेलो नाही.’ मी मात्र कुठला पूल, काय घडलं, याच्या विचारात जेवताना आमटीऐवजी ताकात भाकरी कुस्करत होतो. पण त्याचं फार वाईट वाटलं नाही. फौजेत बदली होऊन नव्या युनिटात गेलं की असंच असतं. तिथं कोण कुणाशी का बोलत नाही हे कुणी सांगत नाही. महिनाभर मुकाट्यानं रांगेत उभं राहायचं, कानावर पडेल ते ऐकायचं, आपोआप कळतं. तसं मला मेघदुर्गाचं कळत गेलं.

आणि मग त्यात रुद्रांक आला. व्याहीसाहेब, आपण पुस्तक वाचलेलं आहे (सही आहे), त्यामुळं रुद्रांक आपल्याला सांगायला नको. पण माझं काय झालं ते सांगतो. आयुष्यभर मी शूरांच्या गोष्टी ऐकल्या. सगळ्यांत तलवारवाला असतो, घोडेवाला असतो, बुरुजावरून उडी मारणारा असतो. या सगळ्यांनी सकाळी काय खाल्लं, ते कुणी आणून दिलं, याचा पत्ता कुठल्याच गोष्टीत नसतो. मी फौजेत सप्लायला होतो हे आपल्याला माहीत आहे. उभ्या नोकरीत मी ट्रक चालवला आणि ट्रकात कांदे, बटाटे, आटा आणि घासलेट होतं. आणि इथं साठीच्या पुढं, चोरून आणलेल्या पुस्तकात, मला पहिल्यांदा असा शूर भेटला जो कोठीकारभारी आहे. टक्कल पडलेला, खोकला असलेला, जनावराच्या पंखांचा आवाज आला की ज्याच्या पोटात कळ येते असा. गड वेढलेला, आत लोक उपाशी, सगळे सेनापती मोठमोठं बोलत बसलेले, आणि हा गडी कुणाला न विचारता पिठाची पोती खेचरांवर लादतो आणि वरून राख पडत असताना खिंडीत शिरतो. तो शिरला आणि मी बांधावर बसल्या जागी रडलो.

(बांधावर अशासाठी की पंपाची मोटर चालू करून मी वाचत बसलो होतो. मी खिंडीच्या शेवटाला पोचेपर्यंत पाणी आमच्या शेतातून आकाराम सरपंचांच्या सोयाबीनमध्ये पोचलं होतं. ते ओरडत आले, मी डोळे पुसत उठलो. माझे डोळे बघून ते एकदम नरमले आणि म्हणाले, “जाऊ द्या हवालदार, सोयाबीनच हाय, एवढं काय त्यात.” त्या दिवशीच खरं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.)

आता पंधरा ऑगस्टचं. गावात दरवर्षी शाळेत झेंडा झाला की निवृत्त फौजी म्हणून मला दोन शब्द बोलायला लावतात. दरवर्षी मी तेच बोलतो. बर्फात ट्रक कसा चालवायचा, चाकांना साखळी कशी बांधायची, गोठलेला बटाटा कसा ओळखायचा. दरवर्षी पोरं झेंड्याच्या दोरीकडं बघत बसतात, मास्तर घड्याळ बघतात, आणि मी संपवलं की लाडवाच्या आनंदानं टाळ्या वाजतात. या वर्षी मी माईकपुढं उभा राहिलो, आणि बटाट्यावर येण्याआधी तोंडातून निघून गेलं, “रसद घेऊन जाणाऱ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. मी आज सांगतो.” आणि रुद्रांक सांगितला.

मी लबाडी करायची म्हणून उभा नव्हतो. ‘एका पुस्तकात आहे’ असं म्हणायचं राहून गेलं, एवढंच. खेचर कसं लादतात, ओल्या दगडावर ते कसं अडतं, त्याच्या कानात काय बोललं की पुढं पाऊल टाकतं, हे मी माझ्या पदरचं घातलं. आमच्याच खात्यात खेचरांची तुकडी होती, ते मी पाहिलेलं आहे. राणीचं लग्न मी गाळलं. सहा पंखांचं जनावरही वेळेअभावी गाळलं. आणि ‘अशाच एका खिंडीत’ असं म्हणताना माझा उजवा हात वर गेला, तो पश्चिमेला, कारण डावीकडं माईकचा दांडा होता. पश्चिमेला आमची बेलखिंड आहे.

शाळेत चिमणी ओरडली तरी ऐकू आलं असतं, अशी शांतता. दोरीकडं कुणी बघत नव्हतं. शेवटी रुद्रांक एकच खेचर घेऊन गडाच्या बंद दारापुढं उभा राहतो, ते मी सांगितलं आणि माझा आवाज खरोखरच फुटला. लोक उठून उभे राहिले. लाडू वाटायचे राहून गेले, व्याहीसाहेब. माझ्या भाषणानंतर लाडू राहून गेले असं माझ्या हयातीत घडलेलं नव्हतं. आकाराम स्टेजवर आले, त्यांनी मला मिठी मारली आणि माईकवर म्हणाले, “आपल्या खिंडीत येवढं रामायण घडलं, आन् आपल्याला म्हाईत न्हाई! रुद्राजींचं स्मारक झालंच पायजे!”

रुद्रांकाचा रुद्राजी तिथंच झाला. मी माईककडं हात नेला होता. पण माईक बंद झाला होता, आणि खरं सांगू का, माझा हातही फार जोरात गेला नव्हता.

पुढं महिनाभर मी जो मान खाल्ला तो आठवला की आता जेवण उतरत नाही. पारावर गेलं की खुर्ची यायची. दुकानात गेलं की गिऱ्हाईकं बाजूला व्हायची. ग्रामसभेत स्मारक समिती झाली आणि मी तिचा सल्लागार. वरच्या आळीनं सांगितलं की रुद्राजी त्यांच्या आळीचा, कारण खेचरं बांधायची जागा तिकडंच होती. खालच्या आळीनं सांगितलं की पीठ त्यांच्या आळीतलं, त्यांच्याकडं अजून जुनं जातं आहे. दोन्ही आळ्या निवाड्यासाठी माझ्याकडं आल्या आणि मी दोघांनाही, “शक्यता नाकारता येत नाही,” असं म्हणालो (हे वाक्य मी आपल्याकडूनच शिकलो). खालच्या आळीचा सिद्धू कुपवाडला एमआयडीसीत पत्रा कापण्याच्या कामाला आहे. त्यानं साहेबाच्या परवानगीनं उरलेल्या पत्र्यातून एक अख्खं खेचर कापून आणलं, पाठीवर पोत्यांसकट, आणि मोटारसायकलला आडवं बांधून कुपवाडहून गावापर्यंत घेऊन आला. रस्त्यात कवलापुरात लोकांनी विचारलं हे काय, तर तो म्हणाला, “आमच्या गावचा इतिहास हाय.” मला ते ऐकून घाम फुटला. पण खेचराचे कान थोडे लांब झालेत एवढंच मी बोललो. त्यानं ते कान दुसऱ्या दिवशी छाटून आणले.

खिंडीच्या तोंडाशी चौथरा बांधून झाला. मग आकाराम म्हणाले, उद्घाटनाला इतिहासाचा जाणकार हवा, आणि जाणकार तर आपल्या हवालदारांचे व्याहीच आहेत, साताऱ्याचे प्राध्यापक.

व्याहीसाहेब, त्या क्षणी आपला डावा पाय दुखायला लागला.

मी सांगितलं की आपल्याला चालवत नाही, डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केली आहे, खिंडीचा तर विषयच नको. गाव हळहळलं. आकारामांच्या आईनं तेल काढलं. आणि आकाराम हा मोठ्या मनाचा माणूस, त्यांनी परस्पर आपल्या घरी फोन लावला, पाहुण्यांच्या तब्येतीची चौकशी करावी म्हणून. फोन आमच्या राजनंदिनीनं उचलला. ती म्हणाली, “बाबांचा पाय? ते आत्ताच अजिंक्यतारा चढून आले. थांबा, देते.” आकारामांनी फोन ठेवला. (राजनंदिनीनं हे आपल्याला सांगितलं नसेल तर तिनं बापाची लाज झाकली असं समजावं. तिच्यावर रागवू नये. ती माझ्यावर गेलेली नाही.)

आकाराम आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा नको म्हणाले.

“हवालदार, व्याह्यांचा पाय कुठला दुखतुय?”

“डावा.”

“आन् उजव्या पायानं रोज अजिंक्यतारा चढत्यात व्हय?”

मी आत गेलो. पेटीतून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हर बघितलं. सहा पंखांच्या जनावराकडं बराच वेळ बघितलं. “ह्ये काय हाय?” मी म्हणालो, “यातलाच रुद्राजी.” ते म्हणाले, “म्हंजी कादंबरी हाय ही? समदी?” मी म्हणालो, “खेचर लादायचं तेवढं माझं आहे.”

मला वाटलं ते ओरडतील. सोयाबीनच्या वेळी ओरडले होते. पण ते ओरडले नाहीत, त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आमी इच्यारलं असतं, कुठं लिवलंय, कोण म्हणतंय. फौजी सांगतुय म्हटल्यावर कोण इच्यारतंय, नाथाजीराव?” त्यांनी मला हवालदार म्हटलं नाही, नाथाजीराव म्हटलं. मला फौजेत शिक्षा म्हणून उन्हात उभं केलेलं आहे, ते इतकं लागलं नव्हतं.

ग्रामसभा बोलावली. मी उभा राहून सगळं सांगितलं. चोरीसुद्धा सांगितली, आपली सही तेवढी सांगितली नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सिद्धू भिंतीला टेकून उभा होता, त्यानं मान फिरवली. वरची आळी खालच्या आळीकडं बघेना. मला वाटलं, निदान आपली बायको काही बोलेल, तीस-बत्तीस वर्षं संसार केलेला आहे. तेवढ्यात बनुबाई खरोखरच बायकांमधून उठली. पदर सावरला आणि म्हणाली, “आवं, ते समदं ऱ्हाऊ द्या. पर सोनखुरी वाचती का न्हाई, तेवढं सांगा. माझं तिथपतोर वाचून झालंय, आन् पुस्तक सरपंचांनी नेलं.”

(सोनखुरी म्हणजे रांगेत सगळ्यांच्या पुढं चालणारं खेचर. बनुबाई मी शेतात गेल्यावर पेटी उघडून वाचत होती, हे मला तिथं, दोनशे माणसांत, कळलं.)

मग एकदम कालवा झाला. कोण सोनखुरी? तुम्ही भाषणात तिचं सांगितलं नाही! राणी होती? लग्न झालं? आणि हे पंखांचं काय आहे? आकारामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, घसा खाकरला, आणि मला वाटतं गावापुढं त्यांनाही या पेचातून सुटायला वाट हवी होती. ते म्हणाले, “हवालदारांनी गावाला फशिवलंय. त्यास्नी शिक्षा ही, की ह्ये समदं पुस्तक मारुतीच्या देवळात मोठ्यानं वाचायचं. एक वळ गाळायची न्हाई.”

पण त्याआधी एक काम बाकी होतं. शाळेत पोरांनी रुद्राजीची चित्रं काढून भिंतीवर लावली होती. हेडबाई म्हणाल्या, “मी पोरांना काय सांगू, हवालदार?” मी म्हणालो, मीच सांगतो. गेलो. जिथं लाडू राहून गेले होते तिथंच उभा राहिलो आणि सांगितलं की असा माणूस झाला नाही. पोरं ऐकून घेत होती. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “म्हंजी खेचरं बी न्हवती?” मी म्हणालो, “नव्हती, बाळ.” तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, बाहेर जाऊन कुठूनतरी एक खेचर विकत आणावं आणि हिच्यापुढं उभं करावं. चित्रं मात्र पोरांनी उतरवू दिली नाहीत. ती अजून भिंतीवर आहेत.

वाचन झालं. रोज दिवेलागणीला दोन्ही आळ्या देवळात यायच्या, पहिल्या दोन दिवसांनंतर सिद्धूही यायला लागला, आणि तो आला तेव्हा मी वाचता वाचता अडखळलो. पहिला भाग कुणालाच माहीत नसल्यामुळं तो पूल कुठला आणि राणीचा भाऊ कसा मेला यावर वाचनापेक्षा चर्चा जास्त झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचं पान वाचलं. रुद्रांक बंद दारावर थाप मारायला हात उचलतो, वरचा दिवा विझतो, आणि पुस्तक संपतं. मग आकाराम म्हणाले, “आन् फुडं?” मी म्हणालो, पुढचं तिसऱ्या भागात असणार. ते म्हणाले, “तुमचं व्याही शाणं हाईत, त्यांच्याकडं आसंल.” चौथरा पाडायचा नाही असं आता ठरलं आहे. पत्र्याचं खेचर त्यावर उभं आहे, त्याच्याखाली कुणाचंच नाव घातलेलं नाही, आणि उन्हातून खिंड चढून आलेले लोक तिथं टेकतात.

झालं ते असं आहे. मी आपली माफी मागतो. पुस्तकाची मागतो, पायाची मागतो, आणि आपलं नाव माझ्या मूर्खपणात गोवलं त्याची सगळ्यांत जास्त मागतो. राजनंदिनीकडं बघून, नातवाकडं बघून, जमलं तर पोटात घालावं. या पत्रात मी आपल्यापासून काही लपवून ठेवलेलं नाही.

आपला खजील व्याही,
नाथाजी

ता. क. – पुस्तक परत पाठवतो आहे. पाठीचा भाग सुटला आहे, मधल्या पानांवर हळदीचे डाग आहेत (बनुबाई), आणि राणीच्या लग्नाच्या पानात एक झेंडूची पाकळी आहे, ती कुणाची ते कळलं नाही.

ता. क. दुसरा – वर मी शेवटी जे वाक्य लिहिलं, काही लपवून ठेवलेलं नाही म्हणून, ते लिहून झाल्यापासून बैठक मोडून फेऱ्या मारतो आहे. व्याहीसाहेब, मी आपल्या कपाटातून एकच पुस्तक आणलं नव्हतं. दोन आणली होती. तिसरा भाग दुसऱ्याच्या शेजारीच होता. तो बनुबाईला सापडू नये म्हणून खताच्या रिकाम्या पोत्यात ठेवला होता, आणि पंधरा ऑगस्टच्या आधीच माझा वाचून झाला होता. दार उघडतं. सोनखुरी वाचते. पण पन्नास पानं होतात न होतात तोच कळतं की गडावरचं मूळचं धान्य शत्रूला विकणारा रुद्रांकच होता, आणि म्हणूनच गड उपाशी पडला होता. हे माहीत असून मी शाळेत उभा राहिलो आणि आवाज फुटेपर्यंत बोललो. येत्या रविवारी आकाराम, सिद्धू आणि दोन्ही आळ्यांची चार माणसं गाडी करून आपल्याकडं तिसरा भाग मागायला येत आहेत. शाळेतली ती पोरगीही येते आहे. हे सगळं पत्र खरं तर यासाठी लिहिलं. कृपा करून त्यांना सांगावं की तिसरा भाग अजून निघालेला नाही, लेखकाची तब्येत बरी नाही. पाय दुखतो म्हणालात तरी चालेल.

ता. क. तिसरा – चौथा भाग निघाला असल्यास मात्र मला एकट्याला कळवावं. रुद्रांकानं ते केलेलं नाही. लेखकाला कुणीतरी चुकीचं सांगितलेलं आहे. मी सव्वीस वर्षं रसद वाहिली आहे, व्याहीसाहेब, कोठीवरचा माणूस असं करत नाही.